टर्बो गेला म्हणण्याआधी हवा कुठं जाते ते मोजा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पानावर एकांचं पत्र आलं होतं, टर्बोची गाडी म्हणजे मध्यमवर्गीय माणसाच्या गळ्यातली धोंड, लाख-सव्वालाख किलोमीटर झाले की टर्बो जातो आणि साठ हजाराचा खड्डा पडतो, तेव्हा जुनी डिझेल गाडी कुणी घेऊच नका. त्यांचा राग मला अगदी कळतो कारण जानेवारीत मी पण तिथंच उभी होते, हातात ६४ हजाराचं कोटेशन घेऊन. पण माझी गाडी आज त्याच जुन्या टर्बोवर पळते आणि खर्च आला ३ हजार ५३०, म्हणून मला वाटलं की ही हकीकत लिहायलाच पाहिजे, त्या वाचकांसाठी पण आणि बाकीच्यांसाठी पण.

मी शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपमध्ये क्वालिटीला आहे, सतरा वर्षं झाली. आमचं काम काय तर कास्टिंग मशीनिंग होऊन आलं की बोअर गेज लावायचा, डायल लावायचा, रीडिंग लिहायचं आणि मगच पास की रिजेक्ट ते बोलायचं. नुसतं बघून "हा पीस गेला" असं कोण म्हणालं तर आमच्याकडं पहिला प्रश्न येतो, किती मायक्रॉननं गेला? गाडीच्या बाबतीत मात्र आपण हा प्रश्न विचारतच नाही.

झालं असं की आईला घेऊन मी माहेरी चालले होते, गगनबावडा रोडला. कळे मागं टाकलं, कारखान्यांचा सीझन चालू म्हणजे रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, त्यातला एक पुढं होता. समोरचा रस्ता मोकळा बघून मी थर्ड टाकला, पाय दाबला आणि गाडी नेहमीसारखी उचललीच नाही. एरवी १८०० आरपीएमच्या पुढं पाठीत धक्का बसतो ना, तो आलाच नाही, मागं आरशात काळा धूर, बोनेटमधून श्शूऽऽ असा आवाज, आणि मी दोन ट्रॉल्यांच्या बरोबर मधोमध अडकलेली. समोरनं एसटी दिसायला लागली तेव्हा मी ब्रेक मारून परत मागं आले. आई काही बोलली नाही, नुसता दरवाजावरचा हात घट्ट धरून बसली. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात जी जास्तीची हवा दाबून भरतो ती, कमी असणं म्हणजे नुसता पिकअपचा किंवा ॲव्हरेजचा विषय आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं. गाडी सपाट रस्त्याला पन्नासनं छान चालते, काही जाणवत पण नाही, आणि जिथं खरी ताकद लागते त्याच क्षणी ती नसते. पुढं असळजला पोचेपर्यंत मीटरवर इंजिनची पिवळी लाईट लागली आणि गाडी लिम्प मोडला गेली, म्हणजे कॉम्प्युटरनंच ताकद कमी करून टाकली.

दुसऱ्या दिवशी शहरात एका गॅरेजला नेली. नाव घेत नाही, कारण दोष एका गॅरेजचा नाही हे पुढं सांगतेच. पोरानं स्कॅनर लावला, कोड आला पी ०२९९. स्कॅनरवर इंग्लिशमध्ये टर्बो, अंडरबूस्ट असं लिहून आलं. त्यानं टर्बो एवढाच शब्द वाचला आणि म्हणाला ताई टर्बो गेलाय, नवीन असेंब्ली, मजुरी, ऑईल, फिल्टर सगळं मिळून ६४ हजार. मी विचारलं प्रेशर किती पाहिजे होतं आणि किती मिळतंय? तो म्हणाला कोडच आलाय की. गाडी त्यानं रोडवर चालवून बघितली नव्हती, एक पाईप हातानं दाबून बघितली नव्हती, अख्खी तपासणी दहा मिनिटांत झाली होती.

मी गाडी परत आणली. घरी वडलांना सांगितलं. ते उद्यमनगरात फौंड्रीत होते, कपोला भट्टीवर. आता सगळीकडं इंडक्शन फर्नेस आल्या पण त्यांच्या वेळी कोकवर लोखंड वितळायचं आणि भट्टीला ब्लोअरनं हवा मारायला लागायची. ते म्हणाले, हवा कमी पडली की कोक धड जळत नाही, काळा धूर निघतो, लोखंड गार येतं. पण तेव्हा आम्ही ब्लोअर बदलायला धावत नव्हतो, आधी डक्टवरनं हात फिरवत जायचो हवा कुठनं निसटते ते बघायला, दहातल्या आठ वेळा पत्र्याचा सांधाच सुटलेला असायचा.

मला वाटतं टर्बो समजायला यापेक्षा सोपं काही नाही. इंजिनमधून बाहेर पडणारा गरम धूर एका छोट्या चाकाला फिरवतो, त्याच शाफ्टवर पलीकडं दुसरं चाक असतं ते बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून तेराशे सीसीचं इंजिन मोठ्या इंजिनाचं काम करतं. ही कल्पना आल्फ्रेड ब्युची नावाच्या स्विस इंजिनियरची, पेटंट १९०५ सालचं. छोट्या गाडीतलं हे चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारतं. दाबल्यामुळं हवा तापते, शंभर डिग्रीच्या वर जाते, ती थंड करायला पुढं इंटरकूलर असतो. तर टर्बोपासून इंटरकूलर आणि इंटरकूलरपासून इंजिन हा जो रबराच्या पाईपांचा रस्ता आहे तो आमच्या फौंड्रीतला डक्ट. ब्लोअर चांगला असून डक्ट फुटला तर भट्टीला हवा मिळत नाही, आणि पी ०२९९ कोड एवढंच सांगतो की हवा मिळत नाही. का मिळत नाही ते तो सांगत नाही.

कारणं किती असू शकतात बघा. एअर फिल्टर चोंदलेला असला तर हवा आतच येत नाही. पाईप फुटली किंवा तिची क्लिप ढिली असली तर वाटेत निसटते. इंटरकूलर पुढं बंपरमागं असतो, दगड लागून त्याला भोक पडतं. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीनं उघडा अडकला तर टर्बो फिरवायला पाहिजे तो धूरच परत इंजिनात वळतो, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तर तो टर्बोला पोचायच्या आधीच बाहेर पडतो, गाडी गार असताना टकटक टकटक असा आवाज येतो तो त्याचाच. उलट सायलेन्सरच्या लाईनमध्ये कॅटॅलिटिक किंवा डीपीएफ (दोन्ही धूर साफ करणारे भाग) चोंदला की धुराला पुढं वाटच नाही, मग चाक फिरणार कसं? नवीन बीएस ६ डिझेलवाल्यांनी, त्यातून राजारामपुरी ते शाहूपुरी एवढंच चालवणाऱ्यांनी, हे जास्त लक्षात ठेवावं, कारण इंजिन पुरेसं तापलंच नाही तर डीपीएफ स्वतःला साफ करू शकत नाही. शिवाय टर्बोवर लगाम ठेवणारा ॲक्च्युएटर आहे, त्याचा सोलेनॉईड आहे, त्याच्या व्हॅक्यूमच्या नळ्या आहेत, प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर आहे, हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे. खुद्द टर्बो या सगळ्यातला फक्त एक, आणि सगळ्यात महाग. म्हणून त्याचा नंबर शेवटी यायला पाहिजे.

वडलांच्या ओळखीनं उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींकडं गाडी नेली. साठीचा माणूस, वर्कशॉप म्हणाल तर दोन गाड्या मावतील एवढं. त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर नुसती चावी फिरवली, इंजिन चालू न करता, आणि स्कॅनरवर मॅप सेन्सरचं रीडिंग बघितलं. ९५ केपीए (किलोपास्कल, दाबाचं माप, शंभर म्हणजे एक बार). म्हणाले, सेन्सर खरं बोलतोय. मी विचारलं कसं काय, तर म्हणाले इंजिन बंद असताना आत तेवढीच हवा असणार जेवढी बाहेर आहे, समुद्राकाठी १०१ दाखवेल, आपण साडेपाचशे मीटर उंचावर म्हणून इथं ९५ च्या आसपास पाहिजे. इथं जर ११० किंवा ७० दाखवलं असतं तर सेन्सर नाहीतर त्याची वायरिंगच खोटी, पुढं काही तपासण्यात अर्थच नाही. साहेब, मी सतरा वर्षं रोज सकाळी गेज मास्टरवर, म्हणजे पक्क्या मापाच्या तुकड्यावर, झिरो करून मग काम सुरू करते. ह्या माणसानं वातावरणालाच मास्टर केलं. मला तिथंच खात्री झाली की गाडी योग्य हातात आली.

एक गोष्ट इथंच सांगते कारण हल्ली लोक हजार रुपयांचं ओबीडी डिव्हाईस घेऊन मोबाईलवर बघतात आणि फसतात. ॲपवर मॅनिफोल्ड प्रेशर म्हणून जो आकडा दिसतो तो बाहेरच्या हवेसकट असतो. १५० दिसलं म्हणजे दीड बार बूस्ट नव्हे, त्यातनं आपल्या कोल्हापूरचे ९५ वजा करा, राहिले ५५, म्हणजे साधारण अर्धाच बार. आणि डिझेल गाडी जागेवर उभी असताना तो आकडा ९५-१०० च्या आसपासच दिसणार, त्यावरनं टर्बो गेला म्हणून घाबरायचं कारण नाही. पेट्रोल टर्बोत तर थ्रॉटल (हवेची झडप) बंद असल्यामुळं आयडलला ३०-४० च दिसतं, ते पण बरोबरच आहे. उभ्या गाडीला रेस करून बूस्ट कळत नाही, भार पाहिजे.

म्हणून मग आम्ही वाघबीळला गेलो, तिथनं पन्हाळ्याचा चढ. मेस्त्रींचा मुलगा गाडी चालवत होता, मेस्त्री शेजारी स्कॅनर घेऊन, मी मागं वही घेऊन. थर्ड गिअर, १५०० पासून पाय पूर्ण दाबून ३५०० पर्यंत. स्कॅनर दोन आकडे शेजारी शेजारी दाखवतो, कॉम्प्युटरला किती पाहिजे आणि खरं किती मिळतंय. अडीच हजार आरपीएमला पाहिजे होतं २२०, मिळत होतं १५०. एमएएफचं रीडिंग मात्र चांगलं होतं आणि मागं काळा धूर. मेस्त्री तिथंच म्हणाले, "हवा आत येताना मोजली जातीया, कॉम्प्युटर त्या हिशोबानं डिझेल टाकतोय, पण वाटंतच कुठंतर गळतीया, म्हणून धूर. पाईप बघायची आधी."

परत आल्यावर त्यांनी जे केलं ते मला वाटतं प्रत्येक गॅरेजमध्ये व्हावं. प्लंबिंगच्या दुकानातली पीव्हीसीची बंद टोपी, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवलेला, बस्स. दीड-दोनशे रुपयांचं काम. टर्बोची हवा ओढायची पाईप एमएएफच्या पुढनं सोडली, त्या जागी ही टोपी क्लिपनं आवळली, इंजिनच्या ब्रीदरची (पोटातली वाफ बाहेर नेणारी) नळी वेगळी बंद केली, ऑईलचं झाकण ढिलं केलं म्हणजे इंजिनच्या पोटात प्रेशर साठू नये, आणि कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावून हळूहळू हवा सोडली. ०.७ बार. एक बारच्या वर कधीच जायचं नाही हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, सील आणि पाईपा उडतात, आणि टोपी सुटली तर डोळा जाईल म्हणून तिच्यासमोर तोंड न्यायचं नाही. मग पंक्चरवाला करतो तसं साबणाचं पाणी. थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमधनं सायलेन्सरकडं जातेच, तो बारीक आवाज धरायचा नाही. पण इंटरकूलरच्या खालच्या पाईपला बुडबुड्यांचा फेस आला तो लपण्यासारखा नव्हताच.

पाईप काढली. हातात घेतली तर चांगली दिसत होती, मी स्वतः फिरवून बघितली आणि मला काही सापडलं नाही, आणि माझं तर कामच दोष शोधायचं आहे. मेस्त्रींनी ती वाकाच्या उलट्या बाजूनं वाकवली आणि दोन इंचाची चीर माशाच्या कल्ल्यासारखी उघडली. खालच्या बाजूला, ब्रॅकेटला घासून घासून, आणि आतल्या तेलकट वाफेनं रबर मऊ पडलेलं. गार असताना बंद, प्रेशर नसताना बंद, फक्त चढाला उघडणार. वरनं टॉर्च मारून बघणाऱ्याला ही जन्मात दिसली नसती. पाईपच्या आत तेलाचा पातळ थर होता, मी घाबरले, तर म्हणाले एवढं सगळ्याच गाड्यांत असतं, ब्रीदरची वाफ आहे, वाटीभर तेल साठलं असतं तर वेगळी गोष्ट.

नवीन पाईप २ हजार १५० ला मिळाली. बसवून पुन्हा टोपी लावली, फेस नाही. पुन्हा वाघबीळ. आणि आता आकडा आला १९०.

इथं कुणीही थांबलं असतं. गाडीला ओढ आली होती, धूर गेला होता, मी तर पैसे काढायला पर्स उघडली होती. मेस्त्री म्हणाले २२० पाहिजे, १९० न्हाई. तीस कुठं गेले?

आमच्या गाडीत व्हीजीटी टर्बो आहे. त्यात धुराच्या चाकाभोवती बारीक पाती असतात, ती कमी-जास्त उघडून टर्बो हळू का जोरात ते ठरतं. ही पाती हलवणारा दांडा व्हॅक्यूमवर चालतो आणि व्हॅक्यूम मिळाला नाही की पाती उघडी राहतात, म्हणजे बूस्ट कमी. ह्याची अर्धी तपासणी घरी कुणी पण करू शकतं, एकानं इंजिन चालू करायचं, दुसऱ्यानं टर्बोशेजारचा दांडा बघायचा (हात लावायचा नाही, तिथं भाजतं), चालू केल्यावर तो ओढला गेला पाहिजे आणि बंद केल्यावर सुटला पाहिजे. आमचा ओढला जात होता, पण पूर्ण नाही. मेस्त्रींनी हातपंप लावून सरळ ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम दिला तर दांडा शेवटपर्यंत गुळगुळीत गेला आणि हातपंपाचा काटा तिथंच थांबून राहिला, म्हणजे डायफ्राम चांगला, पाती पण काजळीनं अडकलेली नाहीत. पाती अडकली असती तर दांडा झटके देत हलला असता. इंजिनच्या व्हॅक्यूम पंपापाशी व्हॅक्यूम भरपूर, ॲक्च्युएटरपाशी कमी, म्हणजे मधल्या नळीत काहीतरी. नळी बॅटरीच्या मागनं गेलेली, हात घालून काढली तर तिच्यावर उंदराचे दात.

माहेरी गाडी शेडखाली लावते, शेजारी ऊस. तोड सुरू झाली की फडातले उंदीर घराकडं येतात हे मी लहानपणापासून बघत आले, पण ते बोनेटमध्ये उबेला बसतात आणि रबर कुरतडतात हे डोक्यात आलं नव्हतं. आपल्याकडं करवीर, पन्हाळा, गगनबावडा, कागल कुठंही राहा, उसाच्या कडेला गाडी लावणारे हजारो लोक असतील, त्यांनी सीझनमध्ये पंधरा दिवसांनी एकदा बोनेट उघडून बघायला पाहिजे. मीटरभर नळी १८० रुपये. ब्रेकला लागणारा व्हॅक्यूम पण त्याच पंपाचा असतो, म्हणून ही नळी बदलली हे माझ्या दृष्टीनं दुप्पट बरं झालं.

तिसऱ्यांदा वाघबीळ. २१८. मेस्त्री म्हणाले झालं. मजुरी बाराशे घेतली, मी जास्त देत होते तर घेतले नाहीत.

आता टर्बो कधी जातच नाही असं मी म्हणत नाही. जातो. शाफ्टचं बुश झिजलं की जातो, आणि ते पण मोजता येतं. पाईप काढून चाकाचं टोक धरायचं, आडवं किंचित हललं तर चालतं कारण शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगत असतो आणि तेवढी फट त्याला लागतेच, पण आत-बाहेर असं हाताला जाणवण्याइतकं हललं किंवा चाकाची पाती हाऊसिंगला घासल्याच्या खुणा दिसल्या तर तो गेला. सोबत निळा धूर, ऑईल कमी होणं, सायरनसारखा आवाज. आमच्या टर्बोला मी डायल स्वतः लावला, कंपनीनं दिलेल्या मापात बसला. ज्याला ६४ हजाराला भंगारात काढलं होतं तो मापात होता, हे मला अजून पचत नाही.

आणि समजा मी तो बदलला असता तर? पाईप फुटकीच राहिली असती. मग कॉम्प्युटर बघतो की प्रेशर कमी आहे, तो टर्बोला आणखी जोरात फिरवतो, फुटक्या माठात पाणी ओतावं तसं, आणि नवा कोरा टर्बो त्याच्या मर्यादेबाहेर फिरून लवकर मरतो. मग म्हणणार पार्टच डुप्लिकेट होता. तसंच खरंच बुश जाऊन टर्बो गेला असला तर ते का गेलं ते शोधल्याशिवाय नवीन बसवू नये, तेलाची बारीक नळी काजळून चोंदली असली तर नव्याला पण तेल मिळणार नाही, आणि जुन्याचं तेल, तुकडे इंटरकूलरमध्ये पडले असतील तर ते साफ केल्याशिवाय इंजिन चालू करणं धोक्याचं आहे. डिझेल इंजिन ते तेलच पिऊन स्वतःहून रेस होऊ शकतं आणि चावीनं बंद होत नाही. त्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की तुमचा जुना टर्बो अजून गॅरेजमध्ये असला तर मागून घ्या आणि कुणाकडून तरी शाफ्ट तपासून घ्या. निदान कळेल तरी.

सांभाळायचं म्हणाल तर फार काही नाही. ऑईल कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं आणि वेळेवर, ह्यात काटकसर करू नका, कारण टर्बोचे दुश्मन दोनच, तेल कमी आणि तेल घाण. करूळचा किंवा आंब्याचा घाट चढून वर चहाला थांबताना लगेच चावी बंद करायची नाही, मिनिटभर आयडलला ठेवायची, नाहीतर तापलेल्या टर्बोत उभं राहिलेलं तेल करपून बसतं. सकाळी चालू केल्या केल्या रेस नको. आणि एमएएफ सेन्सर कुणी कापडानं पुसायला लागला तर हात धरा, त्याची तार केसासारखी असते, त्याचा वेगळा स्प्रे मिळतो.

आता त्या पहिल्या गॅरेजबद्दल. मी परत गेले होते, भांडायला नाही, पाईप दाखवायला. मालकांनी ती वाकवून बघितली आणि मग जे बोलले ते मला पटलं. म्हणाले, ताई, तुमच्या मेस्त्रींनी पावणेदोन दिवस घालवले, तीन वेळा वाघबीळला गेले आणि बाराशे घेतले. माझ्याकडं चार पोरं पगारावर आहेत. गिऱ्हाईक गाडी सकाळी टाकतं, संध्याकाळी पाहिजे म्हणतं, आणि शोधण्याचे पैसे मागितले तर म्हणतं तुम्ही बदललं तरी काय? पार्ट बदलला तर मुकाट पैसे देतात.

साहेब, हे खरं आहे. आपण पार्टला पैसे देतो, शोधणाऱ्याच्या डोक्याला देत नाही. डॉक्टरांची तपासणी फी देताना आपण म्हणत नाही की ऑपरेशन केलंच नाही तर पैसे कशाचे. मग मेस्त्रीला का म्हणतो? जोपर्यंत शोधण्याला किंमत नाही तोपर्यंत बदलणंच चालणार, आणि आपल्या शहरात, जिथं नुसत्या ऐकीव माहितीवर इंजिनचे पार्ट ओतून-घडवून देणारी माणसं झाली, तिथं पोरं फक्त खोके उघडून पार्ट बसवायला शिकणार. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. गॅरेजवाल्यांनी भिंतीवर तपासणी फी असा बोर्डच लावावा, आठशे, हजार जे काही असेल ते, पण त्या बदल्यात कागदावर आकडे द्यावेत, चावी ऑनला मॅप किती, भारावर पाहिजे किती आणि मिळालं किती, प्रेशर टेस्टला गळती आहे का नाही, व्हॅक्यूम किती, शाफ्ट किती हलतो, आणि बदललेला जुना पार्ट न मागता गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा. आणि आपण गिऱ्हाईकांनी ती फी घासाघीस न करता द्यावी, गाडी दोन दिवस ठेवायची तयारी ठेवावी, आणि कागद बघितल्याशिवाय मोठ्या खर्चाला हो म्हणू नये. पहिल्या गॅरेजच्या मालकांनी मेस्त्रींसारखी टोपी बनवून घेतली आहे, मी बघून आले. बोर्ड अजून लावला नाही. लावतो म्हणालेत.

पत्र लांबलं याची जाणीव आहे. छापताना जागा कमी पडली तर माझी ट्रॅक्टरची हकीकत कापा, पण ९५ चा आकडा आणि ०.७ बार तेवढे तसेच राहू द्या, आणि एक बारच्या वर जायचं नाही ते वाक्य तर कापूच नका.

आपली नियमित वाचक,
फुलेवाडी, कोल्हापूर